एकाआड एक पाळी

त्या वर्षी धरण निम्म्यावरच राहिलं आणि कालव्याचं पाणी पाळीनं मिळायला लागलं. दर चौदा दिवसांनी मंगळवारी, सकाळी सात ते दहा, एवढीच या घराची पाळी. तेवढ्या वेळात चाळीस सऱ्या कोबी भिजवायचा. भिजला तर पीक, नाहीतर म्हशींना पाला.

पाटकरी मोठा कडक माणूस. सातला लोखंडी फळी वर, दहाला खाली. कुणाचं पाणी बांध फोडून शेजारच्या रानात शिरलं, तर ते वाया गेलं असं तो धरायचा आणि वेळ उरलेली असली तरी फळी टाकून द्यायचा. त्याच्यापुढे रडून उपयोग नसे. लोक म्हणायचे, हा मरत्या बापाच्या तोंडात पाणी घालतानाही घड्याळ बघेल.

या घरात दारं धरायचं काम धाकट्या सुनेकडे होतं. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, आणि तीन तास चिखलात उभं राहून हेच करत राहायचं. थोरली सून नवऱ्याबरोबर शहरात. धाकटीचा नवरा खडीच्या खाणीवर डंपर चालवायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी येऊन झोपायचा. सासऱ्यांचा उजवा गुडघा गेलेला. ते पाटाच्या दाराशी दगडावर बसून "पुढची फोड, पुढची फोड" असं ओरडण्यापुरते कामाचे. सासूबाईंकडे घर आणि दोन म्हशी. लग्नाला पाच वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता, आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटायचं ते सांगायला नको.

धाकटीची पाळी अठ्ठावीस दिवसांची. एक दिवस इकडचा तिकडे व्हायचा नाही. त्यामुळे पाण्याच्या एकाआड एक पाळीला तिची पाळी नेमकी गाठून यायची. दोन्हींना आपल्या भाषेनं एकच शब्द दिलाय, त्याला कोण काय करणार! पण घरातल्या माणसांना एवढंच दिसायचं की कामाच्या दिवशी हिचं पोट बिघडतं.

"इतर दिवशी भाकरी पचते, पाण्याच्या दिवशीच कशी पचत नाही?" सासूबाई म्हणायच्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

पोट बिघडायचं हे खरं होतं. आदल्या दिवसापासून ते फुगायचं, लुगड्याची गाठ सोडून परत सैल बांधावी लागायची. सकाळी रक्त दिसलं की तासाभरात ओटीपोटात कळ उठायची, ती कमरेतून मांड्यांत उतरायची. मग मुरडा यायचा. आतडी कुणी पिळून काढतंय असं वाटायचं आणि परसाकडे धावावं लागायचं. तिथून आलं की ओकारी, ओकारी झाली की पुन्हा परसाकडे. दुसरा दिवस असाच. तिसऱ्या दिवशी सगळं थांबायचं आणि ती नव्यासारखी कामाला लागायची. हे तिसऱ्या दिवशीचं बरं होणं तिला फार महागात पडत होतं, कारण तीन दिवसांत बरा होणारा रोग कुणी रोग म्हणून धरत नाही.

गावात एक डॉक्टर होता. तो प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, "काल काय खाल्लं?" आणि पांढऱ्या पुडीतली पावडर द्यायचा. "बाहेरचं खाऊ नका," असंही सांगायचा. धाकटीनं जन्मात कधी बाहेरचं खाल्लं नव्हतं. पाळीत असं होतं हे तिला सांगायचं असायचं, पण पडद्याच्या पलीकडे बाकावर गावातली पाच-सात माणसं बसलेली असायची आणि डॉक्टर मोठ्यानं बोलायचा. ती पुडी घेऊन घरी यायची.

गेल्या तीन पाळ्यांपासून आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. त्या दोन दिवसांत शौचावाटेही रक्त जायचं. पहिल्यांदा तिला वाटलं, सगळं एकाच ठिकाणचं असेल, आपल्याला कळत नसेल. नंतर कळलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला "पोटात फार दुखतं" एवढंच म्हणाली होती. तो म्हणाला होता, "आईला विचार, तिला असलं कळतं."

आणि आई म्हणजे तर सासूबाई.

त्या मंगळवारी सहा वाजता ती रानात जायला निघाली तेव्हाच मांडीवरून ओघळ आला. कापडाची घडी लावली, खोरं खांद्यावर घेतलं आणि निघाली. सातला फळी वर गेली. पहिल्या बारा सऱ्या तिनं दात खाऊन भरल्या. पाणी गार, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि गारठा पायातून वर चढून पोटात गोळा होत होता. प्रत्येक वेळी खोरं मारायला वाकलं की कळ यायची, म्हणून ती वाकायची बंद झाली. गुडघे टेकून हातानंच माती ओढायला लागली.

"अगं, खोऱ्यानं ओढ! लहान पोरासारखी काय खेळतेस?" सासरे दगडावरून ओरडले.

पलीकडच्या बांधावर पैलवान उभा होता. हा त्यांचा शेजारी. काडीसारखा बारीक, म्हणून गावानं त्याचं नाव पैलवान ठेवलेलं. त्याच्या रानातला कांदा पिवळा पडत चालला होता आणि या घराची पाळी असताना तो मुद्दाम बांधावर येऊन उभा राहायचा. बांध फुटला तर चार ओंजळी आपल्या रानात येतील, एवढीच त्याची आशा. माणूस वाईट नव्हता, तहानलेला होता.

चौदाव्या सरीला मुरडा आला. तिनं थोडा वेळ श्वास धरून ठेवला. मग खोरं टाकून झुडपांकडे पळाली. परत आली, पंधरावी फोडली, पुन्हा पळाली. सासऱ्यांनी प्रत्येक वेळी मान दुसरीकडे वळवली. पैलवानानं मात्र एकदा विचारलंच, "वहिनी, रात्री काय शिळंपाकं खाल्लं होतं का?"

तिसऱ्यांदा ती झुडपामागे बसली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त दोन्हीकडून जात होतं. ओकारीनं तोंडात नुसतं कडू पाणी आलं. ती हातांवर टेकून उठायला बघत होती आणि तिकडे सोळावी सरी काठोकाठ भरून बांधाला धडका देत होती. सासरे "अगं ए, अगं ए!" म्हणून ओरडत लंगडत निघाले. ते पोहोचायच्या आत बांध फुटला आणि पाणी खळाळत पैलवानाच्या कांद्यात शिरलं.

पाटकऱ्यानं शिट्टी मारली आणि फळी खाली टाकली. साडेआठ वाजले होते. चोवीस सऱ्या कोरड्या.

"अहो, आजारी आहे ती," सासरे म्हणाले.

"दिसतंय मला. पण पाण्याला नाही ना दिसत." पाटकरी सायकलवर बसला. "घरी सांगतो जाता जाता. कुणीतरी येऊन घेऊन जा तिला."

आणि इथं तो घोळ झाला.

सासूबाई अंगणात म्हशीच्या आंबोणात हात घालून बसल्या होत्या. पाटकऱ्यानं एक पाय जमिनीला टेकवला आणि कुंपणावरून ओरडून सांगितलं, "धाकटीची पाळी चुकली आज! उलट्यांवर उलट्या होतायत, बांधावर पडलीय. जा, घेऊन या!" आणि पुढच्या दाराची वेळ झाली होती म्हणून तो पायडल मारत निघून गेला.

आता, परका पुरुष सायकलवरून ओरडत बाईची तसली गोष्ट सांगेल का, एवढा विचार करायला डोकं थंड लागतं. पाच वर्षं जे कान एकाच शब्दाची वाट बघत होते, त्यांनी तो शब्द उचलला. पाळी चुकली. उलट्या होतायत. सासूबाईंनी हात धुतलेसुद्धा नाहीत. तशाच पळत रानात आल्या, वाटेत भेटलेल्या दोघीतिघींना "आमच्याकडे गोड बातमी आहे" असं सांगतच.

धाकटी बांधाला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सासूबाई तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि आंबोणाच्या हातांनी त्यांनी तिचं तोंड धरलं.

"माझी गुणाची गं बाय! सांगायचंस तरी. अशा अवस्थेत चिखलात उतरायचं का?"

"आई, पाणी सगळं..."

"मरू दे ते पाणी! चुलीत गेला तो कोबी."

सासरे आ वासून बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी बायकोच्या तोंडून पाण्याबद्दल असं वाक्य ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी खोलीतली चांगली गादी घातली, दोन उशा दिल्या, गरम दूध आणलं. धाकटीनं दोन वेळा तोंड उघडलं. "आई, तसं काही नाही हो," असंही एकदा म्हणाली. सासूबाई हसल्या. "पहिल्या पहिल्यांदा असंच म्हणतात. दृष्ट लागते बोलून. मी विचारत नाही, तू सांगू नकोस." मग मुलाला खाणीवर फोन, थोरलीला फोन. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. उद्याच्या उद्या तालुक्याच्या बाईडॉक्टरकडे दाखवायचं, पहिल्या एसटीनं.

हे ऐकलं आणि धाकटी गप्प झाली.

पाच वर्षं ती पोट धरून लोळत होती तेव्हा तालुका फार लांब होता. एसटी वेळेवर नव्हती, म्हशींचं कोण बघणार होतं. आज तालुका एका फोनवर जवळ आला. तिनं ठरवलं, जाऊ तर दे. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. खरं मात्र गिळून बसली, आणि ते पोटातल्या कळेइतकंच तिला जड गेलं. त्या दिवसभर तिला आपल्याच घरात चोरून रक्त सांभाळावं लागलं. घड्या लुगड्याच्या ओच्यात लपवून न्यायच्या, परसातल्या संडासात धुवायच्या आणि पिळून सरपणाच्या आडोशाला वाळत टाकायच्या. आठ वेळा ती परसात गेली. प्रत्येक वेळी सासूबाई हात धरायला उठायच्या आणि ती "नको, नको" म्हणायची. असं हात धरणारं माणूस तिला पाच वर्षं हवं होतं. आता मिळालं होतं तर त्याच्यापासून हात सोडवून घ्यावा लागत होता. ती संडासात बसून रडली.

तालुक्याची बाईडॉक्टर पन्नाशीची, चष्म्यावरून बघणारी. खोलीत एक टेबल, एक पडदा, एक उंच पलंग. सासूबाई आत आल्या आणि खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीनं टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, "काल."

मग सासूबाई म्हणाल्या, "काल कशी येईल? काल तर चुकली. पाटकऱ्यानं स्वतः सांगितलं."

"कोण पाटकरी?"

"कालव्यावरचा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या सुनेची पाळी कालव्यावरचा माणूस सांगतो?"

कोपऱ्यात उभी असलेली नर्स खुदकन हसली. सासूबाईंना तेव्हा उमगलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळवंडला. वाटेत ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. त्या क्षणी त्यांची कीव यावी अशीच त्यांची दशा होती, आणि धाकटीला ती आलीही.

पण डॉक्टरीणबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. "उलट्या कशानं झाल्या मग?" त्यांनी विचारलं. "दर पाळीला होतात? जुलाब? मुरडा? इतर दिवशी?" एकामागून एक. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काल काय खाल्लं ते विचारलं नाही. धाकटी आधी मानेनं उत्तरं देत होती, मग तोंडानं द्यायला लागली, आणि शेवटी "शौचाला रक्त जातं का?" या प्रश्नाशी येऊन थांबली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तिनं हळूच मान हलवली.

"किती दिवसांपासून?"

"तीन पाळ्या."

डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावर घेतलं, पोट दाबून बघितलं. एका जागी बोट ठेवल्याबरोबर ती ओरडली. मग त्या खुर्चीत बसून चिठ्ठी लिहायला लागल्या आणि लिहितालिहिता बोलल्या. "गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं ना, तसलंच काहीतरी बाहेर आतड्याला चिकटून वाढत असावं, असा मला संशय आहे. पाळीत पिशवीतून रक्त जातं तेव्हा तिथूनही जातं. मूल न राहण्याचं कारणही तेच असू शकतं. माझ्याकडे तेवढं मशीन नाही. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात यातले डॉक्टर महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी येतात. काल येऊन गेले. आता पुढच्या महिन्यात जा. बारा वाजायच्या आत नाव लागलं पाहिजे. दुखत असलं तरी जा, दुखत असताना तर जाच."

"नाही गेलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आतडं आवळत जाईल. एखाद दिवशी बंद पडेल. मग धावपळ करून उपयोग होईल न होईल."

परतीच्या एसटीत सासूबाई निम्म्या वाटेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला तोंडावर पाडलंस."

"मी म्हणाले होते, तसं काही नाही म्हणून."

"म्हणाली होतीस! पोटात एक, ओठात एक." मग खिडकीकडेच तोंड करून त्या बोलल्या. "मला नव्हतं का होत? दर महिन्याला परसात बसून मी देवाला हाका मारायचे. रक्तही जायचं. सगळं जायचं. तीस वर्षं काढली. पाळी गेली आणि सगळं गेलं. मला कुणी मशीनमध्ये घातलं होतं?"

धाकटीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता या हात धरतील. जिचं जळालं होतं तिला तरी कळेल.

"मी काढलं ना," सासूबाई म्हणाल्या. "मग तुलाही निघेल."

चौदा दिवसांनी पाण्याची पाळी आली. त्या दिवशी तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं चाळीसच्या चाळीस सऱ्या पावणेदहापर्यंत भिजवल्या, एक थेंब पलीकडे जाऊ दिला नाही, वर गवताचा भारा कापून आणला. पाटकरीसुद्धा म्हणाला, "आज झकास." आणि हेच तिच्या अंगाशी आलं. सासूबाई संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाल्या, ती ऐकेल अशा बेतानं, "बघितलंत? बैलाचं काम करते. आणि म्हणे आतडं बंद पडणार."

नवरा घरी आला तेव्हा तिनं चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, रक्ताचंही. तो ऐकताना अवघडून गेला. चिठ्ठी त्यानं उलटसुलट करून पाहिली.

"शेवटचा मंगळवार म्हणजे पाण्याचाच दिवस," तो म्हणाला.

"हो."

"कोबी गड्ड्यावर आलाय. ही पाळी गेली तर गेलंच सगळं. मला सुट्टी मिळते का बघतो. मी धरीन दारं, तू जा."

"नक्की?"

"बघतो म्हटलं ना."

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. बदली ड्रायव्हर मिळत नव्हता. "असं कर, पाळी उरकून दहाला निघ. नाहीतर पुढच्या महिन्यात आपण दोघं जाऊ. आईला विचार."

जिल्ह्याची एसटी आठला होती, त्यानंतरची एकला. हे त्यालाही माहीत होतं.

मंगळवारी पाचलाच तिला जाग आली, कळेनं. या वेळची कळ वेगळी होती. ती येऊन जात नव्हती, येऊन बसत होती. पोट नगाऱ्यासारखं टणक झालं होतं आणि आदल्या दिवसापासून वारासुद्धा सरला नव्हता. परसाकडे जायची जोरात भावना व्हायची, आणि गेलं की नुसतं रक्त. तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी मान वर केली, क्षणभर तिच्याकडे बघितलं. त्यांना सगळं ओळखीचं दिसत होतं यात शंका नाही.

"तीन तासांचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "ओवा चावून जा."

चिठ्ठी आणि फोन पिशवीत घालून ती ओवा चावत गेली. तो पहिल्या सरीवरच उलटून पडला.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या सरीत पाणी चढत होतं. ती खोऱ्याच्या दांड्यावर भार टाकून उभी होती आणि डॉक्टरीणबाईंचा एकच शब्द तिच्या डोक्यात फिरत होता, बंद. आतडं बंद पडलं की माणूस मरतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हशीचं पाहिलं होतं तिनं. आणि तिला मरायचं नव्हतं. सत्तावीस वर्षांची होती ती. कोबीसाठी मरायचं तर अजिबातच नव्हतं.

पैलवान नेहमीसारखा बांधावर उभा होता. त्याच्या मागे रस्त्याला त्याचा तीनचाकी टेम्पो लावलेला होता.

"पैलवान," ती म्हणाली. "पाणी घेता?"

त्याला वाटलं थट्टा आहे. "फुटलं तर घेऊ की, वहिनी."

"फुटलेलं नाही. सगळं. दहापर्यंत. तुमच्या बायकोला बोलवा दारं धरायला. आणि मला जिल्ह्याला सोडा, मोठ्या दवाखान्यात. आत्ता."

पैलवान बांधावरून खाली उतरला. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याला थट्टा नाही हे कळलं. त्यानं आपल्या पिवळ्या कांद्याकडे बघितलं, मग दाराकडे. "म्हातारी मला जोड्यानं मारेल."

"मला मारेल. तुम्हाला नाही."

सासरे दगडावरून उठून उभे राहिले होते. पाटकरी फळीशी होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "पाळी दुसऱ्याला देता येते," तो सावकाश म्हणाला. "पण पाळी म्हाताऱ्यांच्या नावावर आहे. त्यांनी सांगितलं पाहिजे."

"मामा," धाकटी म्हणाली. एवढंच. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. पुढचं बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. तिच्या लुगड्यावरून पोटरीपर्यंत रक्त आलं होतं आणि या वेळी सासऱ्यांना मान वळवायला उशीर झाला. त्यांनी ते बघितलं.

बराच वेळ ते कोबीकडे बघत राहिले. गड्डे मुठीएवढे झाले होते, अजून एक पाणी आणि महिनाभराची उस्तवार. माणूस भला होता, पण आयुष्यभर कुठल्याही गोष्टीला हो किंवा नाही म्हणायची वेळ त्याच्यावर बायकोनं येऊ दिली नव्हती.

"दारं धरणारी ती आहे," शेवटी ते म्हणाले. "तिलाच विचारा. मी काही बोललो नाही."

"दिली," धाकटी म्हणाली.

पाटकऱ्यानं घड्याळ बघितलं. "सात एकोणीस."

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी एकच फळी होती. ती त्यावर अर्धी आडवी झाली. खड्डा आला की तिच्या तोंडून आवाज निघायचा आणि पैलवान "झालं, झालं, आलंच" म्हणायचा. जिल्हा अजून सत्तर किलोमीटर होता. दोन वेळा तिनं गाडी थांबवायला लावली. तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि मोठमोठ्यानं खोकत राहिला, तिला अवघडू नये म्हणून. दुसऱ्यांदा तिला उठता येईना. तेव्हा त्यानं येऊन, दुसरीकडे बघत, तिला दंडाला धरून उभं केलं. "माझ्या थोरल्या बहिणीलाही व्हायचं असं," तो गाडी सुरू करताना म्हणाला. "आम्ही तिला नाटकी म्हणायचो." ती बहीण आता कुठं असते, हे तिनं विचारलं नाही.

मोठ्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा साडेदहा होत आले होते. नाव लावायच्या खिडकीपुढे पन्नासएक माणसांची रांग. पैलवानानं तिला रांगेत उभं केलं, पाण्याची बाटली आणून दिली आणि खाजगी आवाजात म्हणाला, "वहिनी, मला जायला पाहिजे. टेम्पो अडवून ठेवता येत नाही इथं." तो गेला. तिला उभं राहता येईना म्हणून ती बसून पुढे सरकायला लागली, फरशीवरून, चिखलानं भरलेल्या पायांनी. मागच्या बाईनं आपलं लुगडं आवरून घेतलं.

पिशवीतला फोन वाजला. नवरा होता.

"तू पाणी देऊन टाकलंस?"

"हो."

"अगं, वेड लागलं का तुला? आईनं रडून घर डोक्यावर घेतलंय. म्हणते, आता हिला या घरात पाऊल टाकू देणार नाही." तो थांबला. गाडीचा घरघराट ऐकू येत होता. "तू दहानंतर गेली असतीस तर काय..."

"माझा नंबर आलाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंबर अजून आला नव्हता. पुढे अकरा माणसं होती. घरी परत घेतील की नाही हे तिला खरंच माहीत नव्हतं. माहेरी भाऊ-भावजय होते, त्यांचंच त्यांना पुरत नव्हतं. या सगळ्याचा विचार करायला हवा होता, पण कळ विचार करू देत नव्हती, आणि त्याबद्दल तिला कळेचे उपकारच वाटले.

बाराला पाच कमी असताना ती खिडकीशी पोहोचली. गज धरून उभी राहिली. आतल्या कारकुनानं वर न बघताच विचारलं, "काय होतंय?"

तिनं चिठ्ठी सरकवली. ती भिजून शाई पसरली होती.

"हे वाचता येत नाही. तोंडानं सांगा, काय होतंय?"

"पोट दुखतं," ती म्हणाली.

"पोट दुखतं तर पोटाच्या ओपीडीला जा. तिकडं, सात नंबर. पुढचे कोण?"

मागची बाई पुढे सरकली. धाकटीनं गज सोडले नाहीत.

"पाळीत दुखतं," ती म्हणाली. "पाळीत संडासवाटे रक्त जातं."

"काय? मोठ्यानं बोला, बाई. ऐकू येत नाही इथं."

रांगेत पुरुष होते, पोरं होती, एक शाळेतली मुलगी आईचा हात धरून उभी होती. धाकटीनं तोंड गजांना लावलं आणि बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसं ओरडून सांगितलं, "मला पाळीत संडासवाटे रक्त जातं! पाच वर्षं ओकतेय, पाच वर्षं मुरडा येतोय! कालपासून पोट बंद आहे!"

कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या हातांवरच्या सुकलेल्या चिखलाकडे. त्यानं कोरा कागद ओढला.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"सहीला कुणीतरी लागेल घरचं."

"मी आहे ना," ती म्हणाली. "मीच करते सही."